रेघ आणि रेषा

(संस्थेच्या विद्यार्थी अभ्यासवर्गात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



भूमितीसारख्या विषयावर बँकेतल्या एका लिपिकाने, त्यातही कलाशाखेच्या पदवीधराने बोलावे हे काहींना विचित्र वाटेल. आपल्यात गणिताचे शिक्षक आहेत, इंजिनियर झालेली मुले आहेत. त्यांनी बोलावे आणि आम्ही ऐकावे हेच रीतीला धरून झाले असते. परंतु रविवारच्या अभ्यासवर्गात सहावी ते आठवीच्या मुलांजवळ बसण्याचे काम गेली काही वर्षे आमच्याकडे आहे. तेथे जे सतत नजरेस पडते ते आपल्यापुढे ठेवावे, एवढ्याचसाठी आम्ही उभे आहोत.

आपली मुले हिशेबाला कच्ची नाहीत. सरळव्याज घाला, नफा-तोटा घाला, दुकानातून सुटे पैसे बरोबर आणणारी ही मुले उत्तर काढतात. पण पाटीवर दोन रेषा काढून मध्ये कोन दाखवला की वर्ग गप्प होतो. ही गप्पी पुढे वाढत जाते. दहावीला गणिताचे दोन भाग असतात, पहिला बीजगणिताचा आणि दुसरा भूमितीचा, लेखी परीक्षेत प्रत्येकी ४० गुणांचा. त्या वेळी पुष्कळ मुले मनाशी ठरवून टाकतात की भूमितीत मिळतील तेवढे मिळतील, बाकी सारे बीजगणितावर भागवू. मग आय.टी.आय.मध्ये गेल्यावर ड्रॉइंग अडते, डिप्लोमाला गेल्यावर अडते, भूमापकाच्या किंवा आर्किटेक्टच्या वाटेला तर मुलगा जातच नाही. दार दहावीत बंद झालेले दिसते. ते ढकलले जाते सहावीत, रेषांच्या धड्यात. म्हणून आज आम्ही पुढच्या मोठ्या प्रमेयांकडे न जाता त्या धड्यापाशीच थांबणार आहोत.

आम्ही कलाशाखेचे, त्यामुळे आमचा प्रवेश शब्दांच्या दाराने. मुलांना पहिला धक्का बसतो तो शब्दांचाच. एकसंपाती, व्युत्क्रम, छेदिका, संगत. एखादा मंत्र ऐकावा तसे मूल हे शब्द ऐकते आणि मंत्रासारखेच पाठ करते. वास्तविक यातला एकही शब्द अवघड नाही, फक्त तो कोणी उकलून सांगत नाही. संपात म्हणजे एकत्र येऊन पडणे, म्हणून एकाच बिंदूतून जाणाऱ्या रेषा एकसंपाती. चार रस्ते ज्या चौकात मिळतात तो चौक म्हणजे त्यांचा संपातबिंदू. छेदिका म्हणजे छेदणारी, दोन रेषांना दोन वेगवेगळ्या ठिकाणी कापत जाणारी तिसरी रेषा. संगत कोन म्हणजे दोन्ही ठिकाणी सारख्याच जागी बसलेले, एकमेकांच्या जोडीचे कोन. व्युत्क्रम म्हणजे उलट क्रम. एक कोन छेदिकेच्या या अंगाला, दुसरा त्या अंगाला. इंग्रजी माध्यमाच्या मुलांची सुटका झाली असे समजू नका. त्यांच्या पुस्तकातले शब्द लॅटिनवरून आलेले, तेही उकलल्याशिवाय तितकेच बंद. आणि खुद्द भूमिती हा शब्द? भू म्हणजे जमीन, मिती म्हणजे मोजणे. ग्रीक भाषेतही या शास्त्राचे नाव नेमक्या याच अर्थाचे आहे. ज्या विषयाच्या नावातच जमिनीची मोजणी आहे, तो आपल्या लोकांना परका का वाटावा?

मागे एका रविवारी सहावीतल्या एका मुलीने विचारले, "काका, पुस्तकात लिहिलंय की रेषेला जाडी नसते. मग मी वहीत काढते ती दिसते कशी?" वर्ग हसला. आम्ही मुलांना हसू दिले आणि मग सांगितले की आजपर्यंत या वर्गात विचारला गेलेला हा सर्वांत चांगला प्रश्न आहे. कारण तिने रेघ आणि रेषा यांच्यातला फरक पकडला होता. आपण वहीत काढतो ती रेघ. पेन्सिलीला टोक करा, रेघ बारीक होईल. अजून टोक करा, अजून बारीक होईल. पण भिंगाखाली धरली तर तिला रुंदी ही राहणारच. रेषा ती, जिला लांबी आहे पण रुंदी मुळीच नाही, आणि जी दोन्ही बाजूंना कोठेही संपत नाही. ती डोळ्यांनी दिसत नाही, विचाराने धरावी लागते. रेघ हे तिचे चित्र आहे. आपण '५' असा आकडा लिहितो तेव्हा कागदावर शाई असते, पाच ही संख्या कागदावर नसते. तसेच हे.

आमच्या बँकेतले उदाहरण देतो. चेकच्या डाव्या कोपऱ्यात दोन तिरक्या रेघा मारल्या की तो रेखांकित धनादेश होतो, आणि मग काउंटरवर त्याची रोकड मिळत नाही, रक्कम खात्यातच जमा करावी लागते. याला आधार १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १२३ चा. त्या कलमात दोन समांतर आडव्या-तिरक्या रेषा असेच म्हटले आहे. आजकाल पैसे मोबाईलवरून जातात, चेक कमी झाले. तरी जे येतात त्यांच्यावरच्या या रेघा पाहाव्यात. घाईत मारलेल्या, एक वर झुकलेली, दुसरी खाली. दोन्ही पुढे हातभर वाढवल्या तर नक्की एकमेकींना मिळतील. पण पट्टी लावून त्या मोजणारा लिपिक आम्ही अद्याप पाहिला नाही. कायद्याचे काम रेघेवर भागते, भूमितीला रेषा लागते.

आता जमिनीकडे वळू. पुस्तकात पहिल्या पानांवरच एक वाक्य असते की दोन भिन्न बिंदूंतून एक आणि एकच रेषा जाते. मूल वाचते आणि पुढे जाते. येथे थांबले पाहिजे. 'एक' म्हणजे अशी रेषा आहे. 'एकच' म्हणजे दुसरी असू शकत नाही. दोन वेगळी विधाने एका वाक्यात बसवली आहेत. गावाकडे ज्यांची शेती आहे त्यांना याचा अर्थ रक्तात माहीत आहे. बांधावरून भांडण झाले की मोजणीदार येतो आणि हद्दीचे दगड रोवतो. एकच दगड असेल तर त्यातून पाहिजे तेवढ्या रेषा जातील. प्रत्येक भाऊ आपल्या सोयीची ओढील. दोन दगड पक्के झाले की सरळ हद्द ठरली, मग कोणाच्या म्हणण्याला जागा नाही. मध्ये तिसरा दगड रोवला तर तो पहिल्या दोघांशी एकरेषीय असलाच पाहिजे. रात्रीतून कोणी मधला दगड सरकवला तर सकाळी टोकांच्या दगडांना दोरी लावताच चोरी उघडी पडते. टोकाचा दगड सरकवला तर मात्र सारी रेषाच फिरते, आणि ती पकडायला दुसऱ्या पक्क्या खुणांपासून मोजमाप घ्यावे लागते. गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, आणि असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. ज्या घराकडे दोन-चार गुंठेच आहेत, त्या घरात रेषा हातभर फिरणे म्हणजे काय हे आम्ही सांगायला नको. ज्याला ही गोष्ट कागदावर समजते त्याला नकाशा समजतो, आणि ज्याला नकाशा समजतो त्याच्यापुढे अंगठा घेण्यासाठी कागद सरकवताना समोरचा माणूस विचार करतो.

रेषाखंड आणि किरण यांचे फार अवघड नाही. दोन दगडांमधला तुकडा तो रेषाखंड. बॅटरीच्या उजेडासारखा एका ठिकाणी सुरू होऊन पुढे न संपणारा तो किरण. मुलांना हे एकदा सांगितले की पुरते.

खरी परीक्षा कोनांपाशी होते. दोन रेषा एकमेकींना छेदल्या की फुलीसारखी आकृती होते आणि चार कोन तयार होतात. समोरासमोरचे कोन सारखे असतात, त्यांना विरुद्ध कोन म्हणतात. शाळेत मुलांना कोनमापकाने मोजायला सांगतात, आणि ते योग्यच आहे. पण पुढे काय होते ते ऐका. आमच्या वर्गातल्या एका मुलाने शाळेत मोजले, एक कोन ५२ अंश आला आणि समोरचा ५१. त्याने तसे लिहिले. त्याला सांगण्यात आले, "दोन्ही ५२ लिही, सारखेच असतात ते." मुलाने खोडले आणि लिहिले. शाळेचे नाव घेण्याचे कारण नाही. असे अनेक ठिकाणी चालते. पण त्या मुलाने त्या दिवशी काय शिकले? आपण डोळ्यांनी पाहिले ते खोटे, वरून सांगितले ते खरे. भूमिती शिकवायची ती नेमकी याच्या उलट सवय लागावी म्हणून.

आम्ही त्याला सांगितले की तुझी मोजणी प्रामाणिक आहे, ५२ आणि ५१ हेच ठेव. पेन्सिल जाड आहे, कोनमापक जरासे सरकले असेल. आता मोजायचे नाही, विचार करायचा. फुलीतले चार कोन म्हणजे वरचा, उजवा, खालचा आणि डावा. वरचा आणि उजवा हे दोघे मिळून एका सरळ रेषेवर बसले आहेत, म्हणून त्यांची बेरीज १८० अंश. यालाच रेषीय जोडीतील कोन म्हणतात. उजवा आणि खालचा हे दोघे दुसऱ्या सरळ रेषेवर बसले आहेत, त्यांचीही बेरीज १८०. वरच्याने उजव्याशी भागी केली तर १८० होतात, खालच्याने त्याच उजव्याशी भागी केली तरी १८०च होतात. मग वरच्याकडे आणि खालच्याकडे रक्कम किती? मुलगा लगेच म्हणाला, "सारखीच." उजवा किती अंशांचा आहे हे त्याला माहीत नव्हते, आणि माहीत असण्याची गरजही नव्हती.

मित्रहो, येथे काय घडले ते नीट पाहा. कोनमापकाने शंभर फुल्या मोजल्या असत्या तरी एकशे एकावी वेगळी निघणार नाही याची खात्री कोणी दिली असती? या चार ओळींनी जगातल्या सर्व फुल्यांचा निकाल एकदम लागला. काढलेल्या, न काढलेल्या, कात्रीच्या पात्यांच्या आणि रेल्वे फाटकाच्या. आणि तो निकाल शिक्षकांनी सांगितला म्हणून लागला नाही. सहावीतल्या मुलाने शिक्षकांइतक्याच अधिकाराने तो लावला. सुमारे २३०० वर्षांपूर्वी युक्लिडने आपल्या ग्रंथाच्या पहिल्या भागात हेच १५ वे प्रमेय म्हणून मांडले. त्याच्याही आधी ग्रीक थेलीसला हे उमगले होते, अशी परंपरा आहे. युक्लिडच्या त्या ग्रंथाचे अरबीवरून संस्कृतात भाषांतर झाले ते अठराव्या शतकात, जयपूरच्या सवाई जयसिंगाच्या पदरी असलेल्या जगन्नाथ पंडितांच्या हातून, रेखागणित या नावाने. हे ज्ञान असे फिरत फिरत आले. ते कोणा एका देशाचे किंवा घराण्याचे वतन नाही.

सरळ कोन १८० अंशांचाच का, असेही एका मुलाने विचारले. हा माणसांनी ठरवलेला हिशेब आहे. पूर्ण फेरीचे ३६० भाग करण्याची रीत प्राचीन बाबिलोनच्या साठाच्या मोजणीतून आली. १०० भाग केले असते तर सरळ कोन ५० चा झाला असता, विरुद्ध कोन तरीही सारखेच राहिले असते. ठरवलेले कोणते आणि सिद्ध झालेले कोणते, हे वेगळे ओळखता आले पाहिजे. आमच्या मते सहावीच्या मुलाला एवढे कळले तर वर्षाचे सार्थक झाले.

समांतर रेषांचे प्रकरण याहून खोल आहे. स्टेशनच्या पुलावर उभे राहून रुळांकडे पाहिले तर दूरवर ते एकत्र आलेले दिसतात. प्रत्यक्षात आपल्या ब्रॉडगेजचे रूळ आतल्या बाजूने १६७६ मिलिमीटर अंतरावर असतात आणि ते अंतर तसेच राखावे लागते, नाहीतर गाडी घसरेल. डोळा सांगतो मिळाले, बुद्धी सांगते मिळत नाहीत. कंपासपेटीतल्या गुण्याने समांतर रेषा काढण्याची युक्ती सर्व मुलांना येते. पट्टी घट्ट धरायची, तिला गुण्या टेकवून रेघ मारायची, गुण्या सरकवायचा, पुन्हा मारायची. का समांतर आल्या, हे विचारले की उत्तर नाही. पट्टी ही छेदिका झाली. गुण्याचा तोच कोन दोन्ही ठिकाणी पट्टीशी झाला. म्हणजे संगत कोन सारखे झाले. आणि संगत कोन सारखे असतील तर रेषा समांतर असतात. हात जे करत होता ते आता तोंडाला सांगता आले.

"पण काका, लांब, खूप लांब गेल्यावरही मिळणार नाहीत कशावरून?" हा प्रश्न वेडगळ समजू नका. याच प्रश्नाने दोन हजार वर्षे मोठमोठ्या गणितज्ञांची झोप उडवली. समांतर रेषांविषयीचे युक्लिडचे पाचवे गृहीतक इतर गृहीतकांवरून सिद्ध करण्याचा प्रयत्न पिढ्यान्‌पिढ्या झाला आणि कोणालाही साधला नाही. अखेर रशियातल्या लोबाचेव्हस्कीने १८२९ च्या सुमारास आणि हंगेरीतल्या बोल्यायने १८३२ मध्ये हे गृहीतक सोडूनही सुसंगत भूमिती उभी राहते असे दाखवले. आपल्याला तितके दूर जायला नको. पृथ्वीचा गोल हातात घ्या. विषुववृत्तावरून दोन रेखावृत्ते अगदी काटकोनात वर निघतात, सपाट कागदावर असती तर ती समांतर झाली असती. पण उत्तर ध्रुवावर ती एकमेकांना मिळतात. पुस्तकातला नियम सपाट प्रतलाचा आहे, हे गोल पाहिल्यावर मूल विसरत नाही.

येथे बसलेल्या पालकांत गवंडीकाम करणारे बंधू आहेत. भिंतीच्या दोन टोकांना ते दोन ओळंबे सोडतात. ते दोरे समांतर असतात का? भिंतीच्या कामापुरते, होय. पण प्रत्येक ओळंबा पृथ्वीच्या मध्याकडे ओढला जातो, म्हणजे दोन्ही दोरे खाली वाढवत नेले तर पृथ्वीच्या पोटात एकमेकांना मिळतील. भिंत लहान आहे म्हणून फरक कळत नाही. दोन ओळंबे शेकडो मैलांवर असतील तर? इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरात, युक्लिडनंतरच्या शतकात, एराटोस्थेनीस नावाच्या ग्रंथपालाने हाच विचार केला. दक्षिणेकडच्या सायनी गावी, म्हणजे आजच्या आस्वानला, वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि विहिरीच्या तळाशी ऊन पोहोचते, हे त्याला माहीत होते. त्याच वेळी अलेक्झांड्रियात उभ्या काठीची सावली पडत होती. सूर्य इतका दूर आहे की त्याचे किरण समांतर धरता येतात. एक किरण सायनीच्या विहिरीतून सरळ पृथ्वीच्या मध्याकडे जाणारा. दुसरा अलेक्झांड्रियाच्या काठीच्या टोकाला लागणारा. आणि ती काठी खाली मध्यापर्यंत वाढवली की झाली छेदिका. काठी आणि किरण यांच्यातला कोन आणि पृथ्वीच्या मध्यातला कोन हे झाले व्युत्क्रम कोन, म्हणून सारखे. काठीपाशी मोजलेला कोन पूर्ण फेरीचा पन्नासावा भाग, म्हणजे सात अंशांहून किंचित अधिक निघाला. दोन गावांतले अंतर त्याने ५००० स्टेडिया धरले. पन्नास पट केली, पृथ्वीचा घेर २,५०,००० स्टेडिया. त्याचा स्टेडिया नेमका केवढा यावर विद्वानांत मतभेद आहेत, त्यामुळे आजच्या सुमारे ४०,००० किलोमीटरशी त्याचा आकडा किती जुळतो हे काटेकोर सांगता येत नाही. पण रीत बिनचूक होती. आठवीच्या पुस्तकातला जो व्युत्क्रम कोन मुले दोन गुणांसाठी पाठ करतात, तेवढ्यावर एका माणसाने आपले शहर न सोडता पृथ्वीला दोरी लावली.

आपल्याकडेही हे पाहता येते. सारा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा थेट डोक्यावर येतो. मुंबईत मे महिन्याच्या मध्यास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस. जुलैत ढगांमुळे पाहायला मिळणे कठीण. नागपूरला तोच दिवस मेच्या अखेरीकडे येतो. त्या दिवशी भर दुपारी ओळंब्यात उभ्या केलेल्या काठीची सावली नाहीशी होते. सुट्टी असते, उन्हात मुले खेळतातच; एक काठी उभी करायला खर्च काय येतो?

पालकांना आमची विनंती आहे. "आम्हाला कुठे येते भूमिती," असे मुलासमोर म्हणू नका. तुम्ही सूत धरता, गुण्या लावता, पाणसळ पाहता. आमच्या भगिनी कापड बेतताना तिरका आणि सरळ काट ओळखतात, ठिपक्यांची रांगोळी काढतात. तुमच्या हातात भूमिती आहे, मुलाच्या पुस्तकात तिची नावे आहेत. संध्याकाळी दहा मिनिटे दोघांनी एकमेकांना सांगावे. आणि मुलाने "कशावरून?" असे विचारले तर त्याला उद्धट समजून गप्प करू नका. घरी गप्प केलेले मूल वर्गात विचारत नाही.

शिक्षक मित्रांनाही थोडे सांगण्यासारखे आहे, पण ते येथे समोर नाहीत आणि पाठीमागे बोलणे बरे नव्हे. वर्गात साठ मुले आणि पस्तीस मिनिटांचा तास, यात त्यांचीही ओढाताण आम्ही जाणतो.

पुढच्या रविवारी सकाळी नऊ वाजता अभ्यासवर्ग भरेल. सहावी ते आठवीच्या मुलांनी येताना एक कोरा कागद, पुरुषभर दोरा आणि दोन खिळे आणावेत. कागदाला हवी तशी घडी घालून उलगडला की सरळ रेघ मिळते; तिला छेदणारी दुसरी घडी घातली की फुली मिळते. त्या फुलीचे समोरासमोरचे कोन एकावर एक ठेवून आपण पाहू, आणि मग ते का जुळले हे प्रत्येकाने आपल्या शब्दांत फळ्यापाशी येऊन सांगायचे आहे. कोनमापक घरी ठेवले तरी चालेल. पालकांपैकी कोणाकडे ओळंबा असेल तर तो मात्र मुलाबरोबर अवश्य पाठवावा, वर्ग संपल्यावर परत मिळेल.